ताण हवा, पण बेताचा!

हल्ली ज्याला त्याला ताण असतो. मुलाला परीक्षेचा ताण, वडिलांना घराच्या हप्त्यांचा ताण आणि आईला या दोघांचा मिळून ताण. काळजी, घोर, विवंचना, धास्ती, हुरहुर अशी पूर्वी ज्या गोष्टींना वेगवेगळी नावे होती त्या साऱ्यांचे आता एकच नाव झाले आहे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. एका शब्दाने इतक्या शब्दांच्या पोटावर पाय आणलेला पाहून मला वाईट वाटते. तरीही आज मी त्या शब्दाचेच वकीलपत्र घेणार आहे. कारण या जगात एक प्राणी असा आहे की ज्याला ताण नसेल तर तो कुचकामाचा, आणि ज्याला योग्य ताण आहे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार सेवा करतो. त्या प्राण्याचे नाव बोल्ट!

वाचकहो, हसू नका. हा लेख वाचताना तुमच्या डोक्यावर पंखा फिरत असेल, तर तो बोल्टांवर टांगलेला आहे. ज्या लिफ्टने तुम्ही वर आलात, ज्या गाडीने दिवाळीला गावी जाणार आहात, त्या सगळ्यांचे प्राण या बोटभर किंवा हातभर लोखंडी दांड्यांत आहेत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आपण गाडीतून कौतुकाने पाहतो. त्या उंच मनोऱ्यांचे नळकांडे तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असते आणि प्रत्येक सांध्यावर बोल्टांचे कडे असते. वारा रात्रंदिवस तो मनोरा हलवतो; तरी सांधा हलत नाही. का हलत नाही? त्या ‘का’चे उत्तर मला कळले त्याची हकिगत आज सांगायची आहे.

शब्दाच्या शोधात

माझी पुतणी यंत्र-अभियंता आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ती काम करते; पण तिच्या हाताला तेल लागत नाही. तिचे काम संगणकावर. एखादे यंत्र घडवण्याआधी त्याचे चित्र संगणकात उभे करायचे, त्यावर दाब, वजन, उष्णता यांचा मारा करायचा आणि कोणता भाग किती सोसतो ते पाहायचे. सोसण्यातले कमीजास्त ती रंगांनी पाहते: निळा म्हणजे सुखात, तांबडा म्हणजे संकटात.

मागे एका रविवारी ती आली ती प्रश्न घेऊनच. “काका, प्रीलोडला मराठीत काय म्हणायचं?”

जुळणी करणाऱ्या कामगारांसाठी तिला मराठीत सूचनापत्रक लिहायचे होते. मी सहज “पूर्वभार” म्हणालो. तिने मान हलवली. “भार नाही हो काका. काहीच भार यायच्या आधी बोल्टला आपण मुद्दाम ताणून ठेवतो, तो ताण.” मग “पूर्वताण” म्हणालो. तो शब्द तिने वहीत लिहिला, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसेना. मी म्हटले, “वस्तू समजल्याशिवाय शब्द सुचत नसतो. आधी मला ती वस्तू समजावून सांग.” त्यानंतरचे चार-पाच रविवार आमच्या घरी चहाबरोबर बोल्ट वाढला जात होता.

बोल्ट म्हणजे स्प्रिंग

आपली समजूत अशी की बोल्ट म्हणजे दोन वस्तूंना अडकवणारी खुंटी. ही समजूत पहिल्या रविवारीच गेली. पुतणीने माझ्या कपाटातून दहाबारा पुस्तके काढून टेबलावर ओळीने उभी केली आणि मला म्हणाली, “ही सगळी एकदम उचला. खालून हात लावायचा नाही.” दोन्ही टोकांना तळवे लावून मी ती घट्ट दाबली आणि उचलली. मधली पुस्तके कशालाच अडकलेली नव्हती, तरी पडली नाहीत. हाताचा दाब जरा सैल केला आणि मधला एक कोश धाडकन खाली आला. “बोल्ट हेच करतो,” ती म्हणाली. “तो अडकवत नाही, दाबून धरतो.”

दाबून धरायला जोर कुठून येतो? चाकी फिरवली की बोल्ट अगदी किंचित लांबतो. लांबलेली स्प्रिंग जशी आखडू पाहते, तसा तो आखडू पाहतो आणि मधल्या पत्र्यांना चिरडू लागतो. पोलाद लांबते यावर माझा विश्वास बसेना, म्हणून तिने हिशेब मांडला. वीस मिलिमीटर जाडीचा, ‘8.8’ प्रतीचा बोल्ट घ्या. हा आकडा त्याच्या डोक्यावर उठवलेला असतो. त्याच्या आट्यांपाशी कामाला येणारे क्षेत्रफळ 245 चौरस मिलिमीटर. कायमचा न ताणता तो सुमारे 147 किलोन्यूटन, म्हणजे पंधरा टनांचा, ओढा सोसतो. त्याच्या पाऊण हिश्श्याइतका, म्हणजे 11 टनांचा, ताण आधीच द्यावा असा सर्वसाधारण संकेत आहे. अकरा टन म्हणजे दोन-अडीच हत्ती! आणि एवढ्या ओढ्याने दहा सेंटिमीटर लांबीचा बोल्ट लांबतो किती, तर 0.22 मिलिमीटर. तुमच्या वहीच्या दोन पानांइतका. या दोन पानांच्या लांबीवर सगळा संसार उभा असतो.

खरी गंमत पुढेच आहे. अकरा टनांनी आधीच ताणलेल्या बोल्टवर बाहेरून आणखी पाच टनांचा ओढा आला तर त्यावर एकूण किती होतील? मी लगेच सोळा म्हणालो, आणि तुम्हीही तेच म्हणाल. पण उत्तर आहे बारा! कारण असे की बोल्ट ताणलेला असतो आणि मधले पत्रे दबलेले असतात. पत्रे बोल्टपेक्षा पुष्कळ ताठ. समजा चौपट ताठ. बाहेरचा ओढा आला की पत्र्यांवरचा दाब अकरावरून सातावर उतरतो आणि बोल्टचा ताण अकरावरून फक्त बारावर चढतो. पाचांपैकी चार टनांचा वाटा पत्र्यांच्या सैलावण्यात जिरतो. बोल्टच्या वाट्याला एक. एकत्र कुटुंबात आलेला खर्च जसा वाटला जातो तसेच हे. मात्र बाहेरचा ओढा पावणेचौदा टनांच्या पुढे गेला की पत्रे एकमेकांपासून सुटतात, कुटुंब मोडते आणि मग सगळा भार एकट्या बोल्टवर.

आता तोच बोल्ट सैल ठेवला असता तर? पाच टनांचे पाचही त्याच्यावर. आणि यंत्राचा ओढा काही एकदाच येत नाही. येतो, जातो, पुन्हा येतो. दिवसातून लाखो वेळा. धातूला माणसासारखाच थकवा असतो. त्याला एकदा उचललेल्या मोठ्या वजनापेक्षा सततची खालीवर जास्त बाधते. आवळलेला बोल्ट अकरा आणि बारा यांच्यात हलतो. सैल बोल्ट शून्य आणि पाच यांच्यात. एकूण आकडा लहान असूनही सैल बोल्टच आधी मरतो, कारण त्याची ये-जा पाचपट मोठी. थोडक्यात, ज्याने आधी ताण घेतला तो पुढच्या चढउतारांतून सुटला.

धाव, रिव्हेट आणि बोल्ट

ही युक्ती आजची नव्हे. आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती ठाऊक आहे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करायची, गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद तापवायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि धाव आखडून लाकडी पाट्यांना अशी कवटाळते की आरे, तुंबा आणि पाटे एकजीव होतात. गाडीवर पोते चढण्यापूर्वीच चाक दाबून ठेवलेले असते.

आगगाडीच्या जमान्यातल्या पुलांचे रिव्हेट हे या धावेचेच भाऊबंद. तापलेला रिव्हेट भोकात घालून ठोकला की निवताना तो आखडतो आणि पत्र्यांना धरून ठेवतो. कलकत्त्याचा हावडा पूल 1943 साली वाहतुकीला खुला झाला, तो असाच रिव्हेटांनी सांधलेला आहे. पण निवणारा रिव्हेट किती जोराने धरील याचा नेम नसे. अमेरिकेत 1947 साली रिव्हेट आणि बोल्टांच्या सांध्यांचा अभ्यास करण्यासाठी एक संशोधन परिषद स्थापन झाली. 1951 मध्ये तिने कणखर पोलादाचे, ताणून बसवायचे बोल्ट वापरण्याचे नियम प्रसिद्ध केले. तिथून रिव्हेटवाल्यांची शेगडी हळूहळू विझत गेली.

बोल्ट आला तरी अडचण संपली नाही; तिने फक्त रूप बदलले. बोल्टला किती ताण बसला हे दिसत नाही. दिसते ते एवढेच की पाना किती जोराने फिरवला. वर सांगितलेल्या बोल्टला अकरा टन ताण द्यायचा तर मीटरभर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 45 किलोंचा जोर लावावा लागतो. पण या जोराचे होते काय? ढोबळमानाने निम्मा जोर चाकीच्या बुडाखालचे घर्षण खाते, चाळीस टक्के आट्यांमधले घर्षण खाते आणि ताणासाठी उरतात जेमतेम दहा टक्के! रुपयातले नव्वद पैसे दलालांनी खाल्ले आणि दहा पैसे शेतकऱ्याला मिळाले, तसा हा व्यवहार. आट्यांना तेल लागले, गंज चढला, वायसर बदलला की दलालीचा दर बदलतो. म्हणून मोजपट्टीचा चांगला पाना वापरूनही एकाच जोराने आवळलेल्या बोल्टांचा ताण ठरवलेल्या आकड्यापेक्षा तीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो.

शिवाय आवळून झाल्यावरही सांधा थोडा बसतो. पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे चेपतात, रंगाचा थर दबतो. हे बसणे 0.02 मिलिमीटर धरा. दहा सेंटिमीटर लांबीच्या आपल्या बोल्टचा त्यात सुमारे सात टक्के ताण जातो. पण तोच बोल्ट दोन सेंटिमीटर लांबीचा असता तर त्याचे लांबणेच मुळात एवढेसे, की एक-तृतीयांशाहून अधिक ताण गेला असता. बुटक्या बोल्टपेक्षा लांब बोल्ट भरवशाचा, तो यामुळे. आणि गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखवून दिले की आडव्या हादऱ्यांनी सांध्याचे पत्रे एकमेकांवर सरकू लागले की चाकी आपोआप उलटी फिरू लागते. म्हणजे ताण कमी झाला की सरकणे सुरू, सरकणे सुरू झाले की ताण आणखी कमी. घसरणीला एकदा लागलेल्या माणसासारखी बोल्टची गत होते.

संगणकातली थंडी

आता पुतणीच्या संगणकाकडे वळू. तिथे काय चालते ते मला तिने मोठ्या चिकाटीने समजावले. कोणतीही वस्तू हजारो-लाखो लहान तुकड्यांच्या जाळीत विभागायची, प्रत्येक तुकड्याचे साधे समीकरण मांडायचे आणि सगळी समीकरणे एकदम सोडवायची. विमानांच्या पंखांच्या अभ्यासातून 1956 साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी या पद्धतीवर गाजलेला निबंध लिहिला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफने 1960 मध्ये दिले. पुढे अमेरिकेच्या नासा संस्थेने आपल्या यानांसाठी ‘नास्ट्रान’ करवून घेतले. जॉन स्वान्सन याने 1970 साली कंपनी काढली, तिच्यातून ‘अ‍ॅन्सिस’ आले. 1978 साली स्थापन झालेल्या दुसऱ्या एका कंपनीतून ‘अ‍ॅबॅकस’ आले. जगातले पूल, इंजिने आणि पंप आज आधी या असल्या सॉफ्टवेअरांत जन्म घेतात.

पण संगणकाला सांगितल्याशिवाय काही कळत नाही. बोल्टचे चित्र काढले म्हणजे तो आवळला गेला असे नाही. चित्रातला बोल्ट भोकात नुसता उभा असतो, लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखा. त्याला ताण कसा द्यायचा? पाना तर फिरवता येत नाही!

जुन्या लोकांनी काढलेली युक्ती ऐकून मला धावेची आठवण झाली. ते संगणकाला सांगत की एवढा बोल्ट तेवढा थंड पडला आहे. बोल्ट आखडतो आणि ताण येतो. थंडी खोटी, पण आखडणे कामाचे. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे 0.012 मिलिमीटर आखडते. त्या हिशेबाने अकरा टनांसाठी सुमारे 183 अंशांची थंडी पुरेल असे वाटते. तेवढी दिली तर ताण मात्र नऊ टनांच्याही आत राहतो, कारण बोल्ट आखडताना पत्रेही दबतात आणि थोडा ताण त्यात निसटतो. मग पुन्हा हिशेब, पुन्हा थंडी. आपल्या उदाहरणात ती 229 अंशांपर्यंत न्यावी लागते. यंत्र स्वतःच गरम होणारे असेल तर खऱ्या उष्णतेत ही खोटी थंडी मिसळून आणखी घोटाळा.

म्हणून आता सॉफ्टवेअरातच निराळी सोय असते. बोल्टला मधोमध एक काल्पनिक काप द्यायचा. पहिल्या पायरीत त्या कापाच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे ओढायच्या, हव्या त्या अकरा टनांनी. दोन बाजू किंचित एकमेकींत शिरतात. जणू बोल्टचा तेवढा तुकडा काढून टाकला. दुसऱ्या पायरीत ते अंतर कुलूप लावून कायम करायचे. आणि मगच तिसऱ्या पायरीत यंत्राचा खरा भार घालायचा.

“कुलूप कशाला?” मी विचारले.

“तेच तर सगळ्यात महत्त्वाचं,” पुतणी म्हणाली. “कुलूप लावलं नाही तर संगणक बोल्टला शेवटपर्यंत बरोबर अकरा टनांनीच ओढत राहतो. बाहेरून काहीही येवो, बोल्टचा आकडा हलतच नाही. मग तो अकराचा बारा झाला की पंधरा, आपल्याला कळणार कसं? खऱ्या फिटरनं आवळून पाना बाजूला ठेवलेला असतो, काका. तो जन्मभर पाना धरून उभा राहत नाही.”

दुसरी मेख सांध्याच्या पृष्ठभागांची. संगणकाला सांगावे लागते की हे दोन पत्रे एकमेकांना दाबू शकतात, पण ओढू शकत नाहीत. हवे तर सुटू शकतात, घर्षण सांभाळून सरकू शकतात. हिशेब लवकर उरकावा म्हणून कोणी ते पृष्ठभाग चिकटवून टाकले, तर चित्र सुंदर निळे येते. येणारच! डिंकाने चिकटवलेल्या सांध्याला बोल्टची गरजच काय? तिसरी मेख याहून साधी. वेळ वाचवण्यासाठी यंत्राचे अर्धेच चित्र घेतात. काप नेमका बोल्टच्या मधून जात असेल तर ताणही अर्धाच द्यायला हवा. तो पुरा दिला की बोल्टवर दुप्पट भार. या सगळ्यांतून संगणक एकदाही हूं की चूं करत नाही. जे विचाराल त्याचे उत्तर देतो; प्रश्नच चुकीचा होता हे सांगत नाही. आमच्या परीक्षेतल्या काही विद्यार्थ्यांची मला आठवण झाली.

सोळातले दोन

एवढे समजल्यावर मी तिला म्हटले, “हा शब्द माझ्या कोशात मिळणार नाही. जे लोक रोज बोल्ट आवळतात त्यांना विचार. शब्द कामाच्या जागी तयार होतात.”

त्या सुमारास तिच्याकडे एका मोठ्या पंपाच्या झाकणाचे काम होते. झाकणाला सोळा बोल्ट, आतल्या पाण्याचा दाब सतत कमीजास्त होणारा. तिने अकरा टनांचा ताण धरून हिशेब केला, सगळे ठीक. घर्षणाचा बेभरवसा लक्षात घेऊन तीस टक्के कमी, म्हणजे पावणेआठ टन धरून पुन्हा केला, तरीही ठीक. अहवाल लिहून तयार होता आणि माल तीन आठवड्यांत रवाना व्हायचा होता.

ती शब्द विचारायला खाली जुळणीच्या शेडमध्ये गेली. तिथले एक जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना तिने विचारले की बोल्ट नीट आवळला गेला हे तुम्ही कसे सांगता. मामा म्हणाले, “ताई, नुसता घट्ट असून भागत नाही. त्याला ओढ बसली पाहिजे. ओढ बसली की पाना हाताला सांगतो. आणि समोरासमोरचे घ्यायचे, आडवेतिडवे. ओळीनं घेतले तर झाकण एका अंगाला बसतं.” तिला शब्द मिळाला होता. ती निघणार तोच मामा झाकणाकडे बोट दाखवून म्हणाले, “पण या दोघांना ओढ बसत नाही हं. त्या पाइपाचं वळण आड येतं. लांब पाना शिरत नाही, आखूड पान्यानं जमेल तेवढं करतो.”

संगणकात सोळाही बोल्ट सारखे होते. पाना कुठे शिरतो आणि कुठे शिरत नाही हे चित्राला ठाऊक नव्हते. पुतणी वर आली आणि तिने त्या शेजारशेजारच्या दोन बोल्टांचा ताण निम्मा केला. रात्रभर हिशेब चालला. सकाळी चित्र निराळे होते. त्या दोघांपाशी झाकण दाबाच्या प्रत्येक ठोक्याला सुटत होते, मिटत होते. आणि त्यांच्या दोन्ही अंगांचे बोल्ट, जे स्वतः नीट आवळलेले होते, त्यांची ये-जा वाढून थकव्याच्या मर्यादेपलीकडे गेली होती. दोघांनी ताण घेतला नाही, त्याचा दंड शेजाऱ्यांना!

मग कचेरीत व्हायचे ते झाले. “सोळातले चौदा आहेत ना घट्ट? इतकी वर्षं असेच पंप जात आलेत,” असे वरिष्ठांचे म्हणणे. पाइपाचे वळण हलवायचे म्हणजे नकाशा बदलणे, ओतकाम थांबणे, गिऱ्हाइकाची बोलणी खाणे. पुतणी नोकरीत धाकटी. तिने वाद घातला नाही. दोन्ही चित्रे शेजारीशेजारी लावली, खाली आकडे लिहिले आणि मामांना बैठकीला बोलावून घ्या एवढीच मागणी केली. मामांनी आखूड पाना आणून टेबलावर ठेवला आणि तो त्या जागी किती फिरतो ते हातानेच दाखवले. वळण हलवले गेले. माल नऊ दिवस उशिरा गेला आणि त्याबद्दल तिला कोणी शाबासकी दिली नाही. जो पंप फुटला नाही त्याची बातमी होत नसते.

सूचनापत्रकात मात्र आज ‘पूर्वताण’ नाही. ‘प्रत्येक बोल्टला आधीची ओढ पुरी बसली आहे याची खात्री करा,’ असे वाक्य आहे. माझ्या पदवीपेक्षा मामांचे मराठी सरस ठरले, याचा मला आनंदच आहे.

ज्यांची बातमी झाली

बातमी कशाची होते? रशियात सायबेरियातल्या येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया नावाचे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. 17 ऑगस्ट 2009 रोजी तिथल्या दोन क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण धरणारे बोल्ट तुटले. पाण्याच्या दाबाने अजस्र यंत्र वर उसळले, यंत्रशाळेत पाणी घुसले आणि 75 माणसे मेली. नंतर तपासलेल्या 49 बोल्टांपैकी 41 बोल्टांत थकव्याच्या भेगा आढळल्या. ते काही त्या सकाळी तुटले नव्हते. हादऱ्याहादऱ्याने ते कधीचे तुटत आले होते. त्याआधी 10 मे 2002 रोजी लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार येथे रुळांच्या सांध्याच्या चाक्या सैल होत्या म्हणून आगगाडी घसरली आणि सात जण दगावले.

म्हणून कोणी म्हणेल की पिळा, हवा तेवढा पिळा! तेही नाही. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीवरचा नवा पूल 2013 च्या सप्टेंबरात खुला झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच्या 96 जाडजूड दांड्या त्यांच्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत ताणून बसवल्या आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या 32 मोडल्या. पोलाद फार कडक होते आणि त्यात शिरलेल्या हायड्रोजनने ते ठिसूळ बनले होते. ताण नियमात होता, पण तो सोसणाऱ्याची प्रकृती कोणी पाहिली नव्हती. तीन इंच जाडीची दांडी अशी मोडते, तिथे माणसाचे काय घेऊन बसलात?

दिवाळीच्या सुटीत गाडी घेऊन बाहेर पडणार असाल तर एवढे लक्षात ठेवा. चाक बदलले असेल तर चाक्या समोरासमोरच्या, आडव्यातिडव्या आवळून घ्या. कोणी पान्यावर उभा राहून उड्या मारू लागला तर त्याला थांबवा, आणि मोजपट्टीचा पाना असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळायला सांगा. आट्यांना आपल्या मनाने तेल चोपडू नका. घर्षणाची दलाली कमी झाली की तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. आणि शंभरेक किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पुन्हा पाना लावून पाहा, कारण सांधा बसतो. चहासाठी थांबणार तर आहातच. पाच मिनिटे बोल्टलाही द्या.